ती हसली नाही त्याचं कारण तुमच्याच पत्रात आहे

ताई, मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत राहतो, वय 53. उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे. 1988 साली ‘अशी ही बनवाबनवी’ आला तेव्हा मी अकरावीत होतो. आम्ही चौघा मित्रांनी तो किती वेळा बघितला त्याला हिशेब नाही. आजही आमच्या ग्रुपवर कुणी बऱ्याच दिवसांनी उगवला की कुणीतरी ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ असं टाकतंच. चौघांतला एक कोरोनात गेला. एक इचलकरंजीला असतो.

माझी लेक 24 वर्षांची. पुण्यात नोकरी करते, तीन मैत्रिणींबरोबर फ्लॅट घेऊन राहते. जूनमध्ये मालकाच्या कटकटीमुळं त्यांना घर बदलायला लागलं, तेव्हा मधले काही दिवस ती इथूनच काम करत होती. एका रविवारी म्हटलं, बस, तुला खरा कॉमेडी पिक्चर दाखवतो. ‘आता बघ, आता बघ’ म्हणत मी सारखा तिच्या तोंडाकडं बघत होतो. ती हसेना. सुरुवातीलाच, घरमालक खोली सोडायला सांगतो तिथं म्हणाली, ‘बाबा, यात हसण्यासारखं काय आहे?’ पुढं म्हणाली, ‘पुरुषानं साडी नेसली की हसायचं का? आणि बायकांशी खोटं बोलायचं नि शेवटी सगळं माफ?’ माझं डोकं फिरलं. टीव्ही बंद केला आणि म्हणालो, तुमच्या पिढीला हसायलाच येत नाही. त्यानंतर ती पुण्याला गेली. फोन करते, पण आईला.

मागच्या आठवड्यात रात्री एकट्यानं परत लावला. ताई, मलाही हसू आलं नाही. उलट घशात दाटून आलं. पिक्चर जुना झाला की मी? लेकीला कसं समजावू? की असले जुने पिक्चर परत बघूच नयेत?

*

दादा,

तुमचं पत्र वाचून झाल्यावर मी एका वाक्याकडं परत परत जात राहिले. ‘मालकाच्या कटकटीमुळं त्यांना घर बदलायला लागलं.’ सिनेमावर तुम्ही भरभरून लिहिलंय आणि हे एका ओळीत उरकून टाकलंय. कसली कटकट? घर सोडायला किती दिवस दिले होते? डिपॉझिट परत मिळालं का? चौघींचं सामान मधल्या काळात कुठं होतं? हे तुम्हाला माहीत असेल तर उत्तमच. पत्रावरून तरी मला तसं वाटलं नाही.

आता सिनेमाची गोष्ट जरा बाजूला बसून आठवा. विनोद काढून टाका आणि नुसती गोष्ट सांगा बघू. पुण्यात एक माणूस भाड्याच्या खोलीत राहतोय. त्याचा भाऊ, दोस्त येऊन मिळतात आणि मालक खोली सोडायला सांगतो. परवडेल असं घर मिळत नाही. एक घर मिळण्यासारखं आहे, पण मालकीणबाईंना जोडपीच हवीत. म्हणून दोघं साड्या नेसतात. पुढचा सगळा गोंधळ या एका गरजेतून उभा राहतो. ज्या हिंदी चित्रपटावरून हा घेतला, तो हृषीकेश मुखर्जींचा 1966 सालचा ‘बीवी और मकान’. त्याच्या नावातच घराचा प्रश्न आहे. लेखक वसंत सबनीसांनी तो प्रश्न पुण्यात आणून इतका अस्सल मराठी केला की त्याला मागं दुसरा चित्रपट आहे हेही लोक विसरून गेले.

तुम्ही सोळा वर्षांचे होता तेव्हा मंगळवार पेठेत घरच्या जेवणावर वाढत होता. खोली शोधायची वेळ तुमच्यावर आली नव्हती, तुमच्या दोस्तांवरही आली नसणार. घरमालकानं हाकलणं ही तुमच्यासाठी निव्वळ गंमत होती आणि त्या वयाला ते अगदी साजेसं आहे. तुमची लेक मात्र त्याच महिन्यात, त्याच शहरातून, मालकानं घर सोडायला लावलं म्हणून तुमच्या सोफ्यावर येऊन बसली होती. चौघीजणी, लग्न न झालेल्या. अशा पोरींना घर देताना मालक काय काय विचारतात ते कुठल्याही एजंटाला विचारून बघा. रात्री किती वाजता येणार, भाऊ आला तर मुक्काम करणार का, मित्र येतात का, मांसाहार करता का. आपल्याकडं तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर वाढलेल्या पोरीला शेवटचा प्रश्न कसा लागत असेल ते तुम्हीच जाणा.

आणि ‘यात हसण्यासारखं काय आहे’ असं ती नेमकं कुठं म्हणाली? तुम्हीच लिहिलंय. मालक खोली सोडायला सांगतो तिथं.

माझा अंदाज चुकीचाही असेल. तिला कदाचित हा प्रकारच आवडत नसेल, किंवा त्या दिवशी ऑफिसचं काही डोक्यात असेल. पण तिला हसायला येत नाही, हा निष्कर्ष काढायच्या आधी हे विचारायला हवं होतं आणि अजूनही वेळ गेलेली नाही.

म्हणून आधी बायकोशी बोला. लेक फोन आईला करते म्हणजे घराबद्दलचं निम्मं-अधिक तिला ठाऊक असणार. जाता जाता तिला हेही विचारा की 88-89 साली हा सिनेमा तिनं कुठं, कुणाबरोबर बघितला होता. तुमच्या अख्ख्या पत्रात चार दोस्त आहेत, लेक आहे, धनंजय माने आहेत, पण त्या रविवारी बायको हॉलमध्ये होती की स्वयंपाकघरात हेसुद्धा मला कळलं नाही. तिच्याही तोंडी या सिनेमातले संवाद असतील, आणि ते बहुतेक तुमच्यापेक्षा वेगळे असतील.

मग लेकीला फोन करा. मेसेज नको, व्हॉट्सॲपवर क्लिप तर अजिबात नको. फोनवर सिनेमाचा विषय आधी काढू नका. ‘टीव्ही बंद केला आणि तुमच्या पिढीला असं म्हणालो, ते चुकलं माझं’ एवढं एक वाक्य बोला आणि थांबा. त्याला ‘पण’ जोडू नका. सिनेमा मला किती जवळचा आहे, आमच्या वेळी काय होतं, हे त्या फोनवर आणलंत की माफी तिथंच संपते. त्यानंतर विचारा, नवं घर कसं आहे, जुन्या मालकाचं नेमकं काय झालं होतं. आणि ती सांगेल तेव्हा मध्ये उपाय सांगू नका. वर्कशॉप चालवणाऱ्या माणसाला बिघाड ऐकला की हात शिवशिवतात हे मला कळतं, तरीही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. रात्री एकट्यानं लावला आणि हसू आलं नाही.

हसणं ही एकट्यानं करायची गोष्ट फारशी नाहीच. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाचे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी लोक कधी आणि कशाला हसतात याच्या वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या. माणूस एकटा असताना हसतो त्याच्या साधारण 30 पट तो चारचौघांत हसतो, असं त्यांना आढळलं. तुम्ही ज्या हसण्याची आठवण काढताय ते भरलेल्या टॉकीजमधलं आहे. पद्मा, उमा, शाहू, पार्वती, नुसती नावं घेतली तरी तुमच्या वयाच्या कोल्हापूरकराच्या कानात तो आवाज येतो. मागच्या रांगेतला एकजण संवाद पडायच्या आधीच हसतो, त्याच्यामुळं पुढचे हसतात, आणि त्या कल्लोळात पुढची दोन वाक्यं ऐकूच येत नाहीत. ती वाक्यं ऐकायला म्हणून पुन्हा तिकीट काढायचं. थिएटरसाठी केलेल्या विनोदी चित्रपटात नट वाक्य टाकून क्षणभर थांबतो, समोरून हशा येणार हे धरून थांबतो. रात्री साडेअकराला, घरातले झोपलेत म्हणून आवाज बारीक करून बघितलं की तो क्षण नुसता रिकामा जातो. अशोक सराफांचं टायमिंग बिघडलेलं नाही, समोरची माणसं नाहीत.

आणखी एक गोष्ट आहे आणि तिचा मला खरोखर राग येतो. हा सिनेमा गेली कित्येक वर्षं आपण तुकड्यातुकड्यांत बघतोय. रील्सवर पंधरा सेकंदांचा संवाद, स्टिकर, मीम. संवाद पाठ झाले, पण ते संवाद ज्या प्रसंगाच्या टोकाला येतात तो प्रसंग कुणी बघत नाही. सबनीसांची करामत बांधणीत आहे. एक खोटं निभावायला दुसरं, दुसऱ्याला तिसरं, असं करत करत गडी थेट डोहाळजेवणापर्यंत पोचतो. तिथं पोचेपर्यंत प्रेक्षकाच्या पोटात गोळा आलेला असतो, आता उघडं पडतंय की मग, आणि म्हणून तो फुटून हसतो. तुम्ही त्या रात्री एका संवादाची वाट बघत बसलात, तो आला, गेला, मग पुढच्याची वाट. लेकीलाही तुम्ही तसाच दाखवलात. ‘आता बघ, आता बघ.’ बघणाऱ्यानं स्वतः सापडवायची गोष्ट तुम्ही आधीच हातात देत होता आणि वर ती हसते का हे तपासत होता. अशा नजरेखाली मला नाही वाटत कुणी हसेल. तुमच्याही वडिलांनी शेजारी बसून तुमचा चेहरा न्याहाळत तुम्हाला एखादा चित्रपट दाखवला असता तर तुम्ही काय केलं असतं?

घशात दाटून आलं त्याबद्दल. लक्ष्मीकांत बेर्डे गेले 16 डिसेंबर 2004 ला. तेव्हा त्यांचं वय होतं 50. आज तुम्ही त्यांच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठे आहात. त्याच वर्षी सिद्धार्थ रे गेले, त्याच्या पुढच्या वर्षी सुधीर जोशी. नयनतारा गेल्या, विजू खोटे गेले. त्या सिनेमातल्या चार दोस्तांपैकी दोघं, बेर्डे आणि रे, आता नाहीत, आणि तुमच्या चौघांतला एक नाही. पडद्यावर ते चौघं एका खोलीत दाटीवाटीनं राहताना बघून तुम्हाला रडू आलं असेल तर त्यात सिनेमा जुना झाल्याचा किंवा तुम्ही म्हातारे झाल्याचा काही संबंध नाही. तुम्हाला तुमच्या मित्राची आठवण आली. ती यायलाच हवी. कोरोनात गेलेल्या माणसांना धड खांदाही देता आला नाही, चार माणसं जमवून त्यांच्याबद्दल बोलणंही कितीकांचं राहूनच गेलं.

म्हणून मला वाटतं तुम्ही उरलेल्या दोघांना बोलवा. इचलकरंजी काही लांब नाही. गेलेल्या मित्राच्या घरच्यांनाही बोलवा, ते येतील किंवा नाही येणार, पण आमंत्रण जाऊ दे. बायकांनाही बसवा, चहा-भडंग करायला म्हणून नव्हे, बघायला. जमलं तर प्रोजेक्टर आणा, तालमीच्या नाही तर मंडळाच्या हॉलमध्ये भिंतीवर लावा, आवाज मोठा ठेवा. फोन बाहेर. सुरुवातीच्या नावांपासून शेवटपर्यंत, सलग. आधी दोन-चार किस्से होतील त्या मित्राचे, ते होऊ देत, घाई करू नका. मग बघा हसू येतं का. माझी खात्री आहे येईल, आणि तुम्ही पूर्वी ज्याला हसला नव्हता अशाही जागी येईल. घरमालक सरपोतदारांचा वैताग सोळाव्या वर्षी कळत नाही. स्वतःचं घर, कर्ज, दुरुस्ती हे सगळं बघितलेल्या माणसाला तो माणूस बरोबर कळतो, आणि सुधीर जोशींनी त्यात काय काम केलंय तेही तेव्हाच दिसतं.

राहता राहिले लेकीचे दोन आक्षेप. त्यांची उत्तरं एकसारखी नाहीत, म्हणून वेगवेगळं बोलते.

पुरुषानं साडी नेसली की हसायचं का? हा प्रश्न चांगला आहे आणि कोल्हापूरच्या माणसाला त्यावर बोलायला खूप काही आहे. खासबागेशेजारी ज्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे ते केशवराव भोसले लहान वयात ‘शारदा’ नाटकात खुद्द शारदेची भूमिका करायचे, आणि ते बघून लोक हसत नव्हते, डोळे पुसत होते. 1921 साली बालगंधर्वांच्या आणि केशवरावांच्या कंपन्यांनी मिळून जो ‘मानापमान’ केला त्यात बालगंधर्व भामिनी झाले होते आणि केशवराव धैर्यधर. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते नाट्यगृह जळालं तेव्हा अख्खं गाव रस्त्यावर येऊन रडलं ते अशा वारशासाठी. तिकडं तमाशात नाच्या, सोंगाड्या, बतावणी. वसंत सबनीस त्याच मातीतले, ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य त्यांचंच. तेव्हा साडी नेसलेला पुरुष ही आपल्याकडं नुसती टिंगलीची गोष्ट कधीच नव्हती. या सिनेमातही माझ्या मते जिथं विनोद त्या माणसाच्या अडचणीवर उभा आहे, मालकीणबाईंची चाहूल लागली आणि पदर सावरायला सवड नाही, तिथं तो आजही पक्का आहे. जिथं तो नुसत्या बायकी हावभावांवर टेकलाय तिथं आता पडतो. तुमच्या लेकीला हे दोन्ही प्रकार एकाच सिनेमात दिसले असणार. तिला तिच्या जागा दाखवू द्या, तुम्ही तुमच्या दाखवा. असं भांडण मला फार आवडतं.

दुसरा आक्षेप, बायकांशी खोटं बोलायचं नि शेवटी सगळं माफ. इथं ती बरोबर आहे. जीव लावणाऱ्या म्हाताऱ्या घरमालकिणीला आणि आपल्यावर प्रेम करणाऱ्या मुलींना इतके दिवस फसवल्यावर त्या काय बोलल्या असत्या, याला सिनेमात फार जागा नाही. त्या काळच्या विनोदी चित्रपटांत ती नसायचीच. तुम्हाला हे मान्य केल्यानं काहीही गमवायचं नाहीये. ‘हे खरं आहे तुझं’ म्हणा. आवडत्या गोष्टीतलं खटकणारं मान्य करता येणं आणि तरी ती आवडणं, हे तुमच्या पिढीला जड का जातं मला कळत नाही. आपण जेवणात मीठ जास्त झालं तर सांगतो, म्हणून काही जेवायचं सोडत नाही.

तर असले पिक्चर परत बघायचे का? बघायचे. पण लेकीला दाखवायची घाई करू नका. तुम्हाला तिनं हसायला हवं होतं कारण तुम्हाला वाटत होतं, तिला हे आवडलं तर मी कसा होतो ते तिला कळेल. ते तुम्ही तिला सरळ सांगू शकता. चौघं मित्र कोण होते, सायकली कुठं लावायचा, पैसे कुठून आणायचा, गेलेला मित्र कसा हसायचा. तिनं तुमच्या तरुणपणाबद्दल शेवटचं कधी काही ऐकलंय? सिनेमा त्या गप्पांमध्ये आपोआप येईल. कधीतरी तीच म्हणेल की परत लावा. नाही म्हणाली तरी चालेल.

आणि घराचं. नवीन घराचा भाडेकरार लेखी झालाय का आणि त्याची नोंदणी झालीय का, एवढं फोनवर नक्की विचारा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणं लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असावा लागतो आणि नोंदवावाही लागतो. ती नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकाची असते, पोरींची नव्हे. नोंदणी केलेली नसेल तर अटींबद्दल वाद झाल्यावर राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, ते चुकीचं आहे हे मालकानं सिद्ध करावं लागतं. नोंदणी ऑनलाइन होते. करारात दोन गोष्टी बघायच्या: घर सोडायला सांगताना किती दिवसांची नोटीस, आणि डिपॉझिट किती दिवसांत परत. जुन्या मालकाकडं पैसे अडकले असतील तर जुना करार काढून त्यातली तारीख बघा आणि चौघींच्या सहीचं एक पत्र त्याला स्पीड पोस्टानं पाठवू द्या. पत्र लेकीनंच लिहावं. तुम्ही फक्त वाचून बघा, तिनं वाचायला दिलं तर.